पॉइंट आठचं पातं

मढवी पोरांना गावावरून हाक मारायचा.
दिघा, पाना दे. घणसोली, झोपलास काय रं.
मी कळव्याहून यायचे, म्हणून मी कळवा.
रबाळ्याच्या नाल्यालगत, पत्र्याच्या शेडमध्ये
आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन उभी राहिले त्या दिवशी
त्यानं ते वाचलं नाही.
हातात एक प्लग ठेवला
आणि म्हणाला, वास घे.

पेट्रोलचा वास आला तर ओला.
काळी मऊ काजळी, तर हवा कमी पडते गो तिला.
पांढराफटक, तर आतून जळतेय.
बिस्किटाचा रंग दिसला
की परत लाव, हात धू, चहा सांग.

मग फीलर गेज.
चाकूसारखं मिटणारं, तेरा पात्यांचं,
पात्यापात्यावर कोरलेला आकडा,
फक्त पॉइंट आठचा बोटांनी पुसून गेलेला.
प्लगच्या टोकातल्या फटीत ते सरकवायचं.
सुटं गेलं तर नको. अडलं तरी नको.
"म्हणजे कसं?"
"भाकरीखालनं उलथनं जातं, तसं."

ठिणगीला अंतर लागतं, मी वहीत लिहिलं.
त्यानं मला ते वाचून दाखवायला लावलं, हसला.
"कविता करतेस गो?
अंतर वाढलं तर पडत नाय, ते पण लिही."

टायमिंग लाइट पिस्तुलासारखी होती.
गरगरत्या पुलीवर रोखली
की पांढरी खूण जागच्या जागी थांबायची,
इंजिन धडधडतंय आणि खूण उभी.
मी बघतच राहायचे.
"पेट्रोल काय तुझा बाप भरतोय?"

एका रात्री शाळेची ओम्नी आली.
चंद्रप्रभा भोईर स्वतः चालवायची,
सकाळी साडेसहाला अकरा पोरं.
तिनातला एक सिलेंडर मिस मारत होता.
प्लग नवे. कॉइल ठीक.
नियॉनचा टेस्टर तिन्ही वायरींवर लुकलुकला, छान, खोटारडा.
मढवी म्हणाला, ट्यूब घालव.

अंधार. खाडीचा वास. रस्त्यावर ट्रेलरांची घरघर.
शेजारच्या इस्त्रीवाल्याची पाण्याची बाटली आणून
चालू इंजिनच्या वायरींवर फवारली,
आणि दोन नंबरच्या वायरीवर
निळ्या मुंग्या धावायला लागल्या,
रबराच्या भेगेतून ब्लॉककडे उड्या टाकत.
"किती ठिकाणी?"
"एकच. दोन नंबर."
"नीट दिसतंय ना तुला?"
हे काय, समोर तर आहे, मी म्हणाले.
तो तीन नंबरकडे बघत होता.

वास घे. बोटानं सांग. वाचून दाखव.
भिंतीवर टेस्टर खिळ्यांना टांगलेले होते.
मला मात्र खिळा नव्हता, एवढंच.

ओम्नी वेळेवर गेली.
त्याविषयी तो बोलला नाही, मीही नाही.
दुसऱ्या दिवसापासून मी फक्त
दिसेल ते मोठ्यानं बोलायला लागले.
वायरीला भेग आहे. रंग बिस्किटाचा, एका कडेनं काळा.
"ओरडतेस कशाला," मढवी म्हणायचा,
"बहिरा नाय मी."

आता शेड माझ्याकडे आहे.
स्कॅनर लावला की पडद्यावर कोड उमटतो,
पी शून्य तीन शून्य दोन.
दुसरा सिलेंडर. वाद नाही, वास नाही.
तरी मी प्लग काढते, नाकाशी धरते.
नवा पोरगा दिव्याहून येतो.
दिवा, ट्यूब घालव, म्हटलं
की त्याला दर वेळी नव्यानं हसू येतं.

परवा मायक्रोमीटर घेतला
आणि सहज मढवीचं पातं मोजलं.
पॉइंट सात सहा.
मोजून मोजून झिजलेलं, कधीपासून कोण जाणे.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही प्रत्येक गाडीत
टोकाला टोक
अर्ध्या केसानं जवळ आणून ठेवत होतो.

तक्रार घेऊन कुणी परत आलं नाही.
नवं गेज मागवलंय. कपाटात आहे,
अजून पुडक्यातच.